बकरीच्या दोरीनं सुरू झालेली मोटर

नागपुरातल्या आमच्या हुडकेश्वरच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, स्वातंत्र्यदिनाला झेंडा फडकला की मला दोन शब्द बोलायला उभं करतात. माजी सैनिक म्हणून. समोरून दरवर्षी तोच प्रश्न येतो, "काका, तुम्ही किती मारले?" मी म्हणतो, एकही नाही. लोकांचे चेहरे उतरतात. कोणीतरी उगाच टाळ्या वाजवतो आणि सगळे तर्री-पोह्यांच्या टेबलाकडे वळतात.

मी इंजिनिअर्सचा माणूस. पूल टाकणे, सुरुंग काढणे, रस्ता करणे आणि पूर आला की बोटी चालवणे, ही आमची कामं. नायब सुभेदार होऊन घरी आलो. आता बुटीबोरीच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. माझ्या सगळ्या नोकरीतला जो दिवस मला रोज आठवतो, तो सीमेवरचा नाही. तो सावनेरच्या बाजूचा आहे, माझ्या घरापासून एस.टी.नं जेमतेम दोन तासांवरचा. तेव्हा मी हवालदार होतो. माझ्यासोबत नाईक विलास मेश्राम होता. तो परत आला नाही. पोहे थंड होण्याच्या आत हे सांगून होत नाही, म्हणून लिहितो आहे.

त्या पावसाळ्यात आमच्या कंपनीची एक तुकडी नागपूरजवळ फ्लड रिलीफसाठी ठेवली होती. गावाकडची पोस्टिंग म्हणून मी खूश होतो. दर रविवारी घरचं जेवण मिळत होतं. तुकडीत मी आणि मेश्राम असे दोघंच नागपूरचे. बाकीचे आमच्या बोलण्याला हसायचे. सॅपर, म्हणजे आमच्याकडचा जवान, थोरात साताऱ्याचा. तो आमची नक्कल करत फिरायचा, "मी जेवून राहिलो, मी झोपून राहिलो." मेश्राम त्याला म्हणायचा, "तू बोलतं ते मराठी आणि आमी काय बोलून राहिलो गा? चिनी?"

मेश्राम उत्तर नागपूरचा. त्याच्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली होती. ही गोष्ट तो नवीन माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचा आणि पुढच्या पाच मिनिटांत विचारायचा, तुमच्याकडे काही बिघडलेलं आहे का. पंखा, मिक्सर, शिलाई मशीन, त्याला काहीही चालायचं. लंगरमधला गॅसचा शेगडा त्यानं इतक्या वेळा उघडला होता की कूक त्याला पाहिलं की आडवा उभा राहायचा. एक दहा नंबरचा पाना कायम त्याच्या खिशात असे. कंपनीतल्या सगळ्या बोटींच्या मोटरी तो बघायचा.

या मोटरीबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही तिला ओबीएम म्हणतो. ती बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवतात. वर पेट्रोलचं इंजिन, खाली पाण्यात पंखा. बाजूला गिअरचा छोटा लीव्हर, त्यात पुढे, न्यूट्रल आणि मागे. समोर एक मूठ असते, मुठीला दोरी. मूठ जोरानं ओढली की इंजिन सुरू होतं आणि सोडली की दोरी आपोआप आत गुंडाळली जाते.

त्या दोरीत एक सोय असते, मोटरच्या वरच्या झाकणात बसवलेली. मोटर गिअरमध्ये राहिली असेल तर दोरी अडते, ओढलीच जात नाही. गिअरमध्ये असताना मोटर सुरू झाली तर बोट एकदम पुढे उडी मारते, म्हणून ही सोय. आम्हाला या सोयीची सवय लागली होती. मोटरवाल्यानं नदी बघायची, लीव्हर बघत बसायचं नाही, असं शिकवलं जायचं. नजर पुढे, हात मागे. न्यूट्रल आहे का हे डोळ्यांनी कोणी तपासत नसे. दोरी ओढायची. अडली तर लीव्हर सरकवायचा, नाही अडली तर मोटर सुरू. याला आम्ही 'दोरीला विचारणं' म्हणायचो. मीही तसंच करायचो, माझ्या आधीचेही तसंच करायचे. दोरीनं कधी चुकीचं उत्तर दिलं नव्हतं.

मोटरच्या किटमध्ये एक सुटी दोरीही येते. तिला एका टोकाला लाकडी मूठ आणि दुसऱ्या टोकाला गाठ असते. मुख्य दोरी तुटली तर मोटरचं वरचं झाकण काढायचं. आत एक जड चाक असतं, फ्लायव्हील. त्याच्या खाचेत गाठ अडकवायची, दोरी चाकाभोवती गुंडाळायची आणि खेचायची. भोवरा फिरवतात तसं. आमच्या बोटीची ही सुटी दोरी बोटीत नव्हती. ती शेडमधल्या शो-बोर्डवर होती. हिरवा रंग दिलेल्या फळीवर, पांढरी स्वच्छ, गोल गुंडाळलेली, खाली इंग्रजी आणि हिंदीत नाव. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी त्या बोर्डाचं कौतुक केलं होतं. फौजेत ज्या वस्तूचं इन्स्पेक्शनला कौतुक होतं ती वस्तू परत कामावर जात नाही. दुसरी दोरी मागवली होती, ती यायची होती.

आदल्या संध्याकाळी हुकूम आला. वर छिंदवाड्याकडे पाऊस थांबत नव्हता, कन्हान नदी चढत होती. पहाटे आम्ही निघालो. सकाळी साडेसातला नदीकाठच्या एका गावापाशी बोटी पाण्यात उतरवल्या. गावाचं नाव लिहीत नाही. तिथले लोक अजून तिथेच राहतात आणि त्यांना कोणी येऊन प्रश्न विचारावेत असं मला वाटत नाही.

गावाला पाण्यानं वेढलं होतं. लोक शाळेच्या स्लॅबवर चढून बसले होते. गाव आणि सावनेरच्या रस्त्याचं टेकाड यांच्यामध्ये एरवी शेतं होती, आता तिथून नदीचा अर्धा प्रवाह वाहत होता. खालच्या अंगाला रपटा होता, म्हणजे नाल्यावर असतो तसा ठेंगणा पूल. त्याच्यावरून पाणी जात होतं आणि कठड्याचे लोखंडी पाइप कुठे कुठे वर दिसत होते. कंपनीच्या कॅप्टन साहेबांनी रपटा दाखवून सांगितलं, "त्या पिंपळाच्या खालच्या अंगाला कोणतीही बोट जाणार नाही. तिथून परत येता येत नाही." पिंपळ रपट्याच्या अलीकडे, पाण्यात उभा होता. सगळ्यांनी पिंपळ पाहून घेतला.

आमची बोट आल्फा टू. मी बोट कमांडर, मेश्राम मोटरवर, थोरात पुढे टोकाला. दुपारपर्यंत आम्ही फेऱ्या मारल्या. बायका, म्हातारे, लेकरं. एक माणूस टीव्ही घेऊन आला होता, तो त्याला स्लॅबवरच ठेवायला लावला. मोटर छान चालत होती. मेश्राम एका हातानं ती चालवत दुसऱ्या हातानं बिस्कीट खात होता.

शेवटच्या फेरीला सात मोठी माणसं होती. त्यात एक बाळंतीण होती, तिच्या बाळाचं अजून बारसं व्हायचं होतं. तिचा नवरा, सासू-सासरे. दोन म्हातारे भाऊ, जे एकमेकांशी बोलत नव्हते आणि बोटीतही दोन बाजूंना बसले. आणि रुखमाबाई नावाची एकटी म्हातारी, तिच्यासोबत काळी बकरी.

मी म्हणालो, "आजी, बकरी नाही."

"मंग मीबी नाही," ती म्हणाली आणि स्लॅबवर मांडी घालून बसली.

मेश्राम म्हणाला, "येऊ द्या ना उस्ताद. कोण्या साहेबापेक्षा कमीच वजन हाये तिचं."

फौजेत सिनिअर माणसाला उस्ताद म्हणतात. मी बकरी घेतली. थोरात हसला.

टेकाडाचं अंतर निम्मं झालं असेल तेव्हा वरून पऱ्हाट्या आल्या. आमच्याकडे कापूस वेचून झाला की वाळलेली झाडं उपटून चुलीसाठी रचून ठेवतात. कोणाचा तरी मागच्या वर्षीचा आख्खा ढीग पुरानं उचलून आणला होता. बाजूला घेईपर्यंत तो बोटीखाली शिरला. पंख्यात पऱ्हाटी अडकली आणि मोटर बंद पडली.

मेश्रामनं मोटर वर उचलली, हात घालून काड्या ओढून काढल्या, मोटर खाली टाकली, मूठ ओढली. दोरी अडली नाही की मोटर सुरू झाली नाही. दोरी सरळ हातात आली. आतून तुटली होती. त्यानं मूठ वर करून मला दाखवली. बोट रपट्याकडे वाहायला लागली होती.

वल्ही दोन होती. मी एक घेतलं, बाळंतिणीच्या नवऱ्यानं दुसरं घेतलं. त्या प्रवाहात त्यांचा काही उपयोग नव्हता. वाटेत एका बाभळीचा शेंडा पाण्याबाहेर होता. थोरातनं अंगावर काटे घेत तो पकडला आणि बोटीची पुढची दोरी बांधली. बोट वरच्या दिशेला तोंड करून तिथे थांबली.

मी रेडिओ घेतला. आल्फा वन म्हणजे काठावर कॅप्टन साहेब. "आल्फा वन, आल्फा टू. इंजन फेल. सात सिव्हिलियन. पेड से बंधे हैं. ओव्हर."

"आल्फा टू, दूसरी बोट गाँव के उस पार है. आधा घंटा लगेगा. होल्ड ऑन. ओव्हर."

बाभूळ हलत होती. पाणी बुंध्याखालची माती खात होतं हे दिसत नसलं तरी दोरीच्या ताणातून कळत होतं. थोरात तिथून ओरडला, "उस्ताद, हे झाड अर्धा तास टिकायचं न्हाई." बाळंतिणीनं बाळ पदरात घेऊन पदराची टोकं दातात धरली होती. खाली रपट्यावरून पाणी पडण्याचा आवाज सारखा येत होता. सातही जणांना माहीत होतं की झाड गेलं तर आपण त्या पाइपांवर जाणार. गावातले लोक, रपटा त्यांच्या रोजच्या येण्याजाण्यातला.

मेश्रामनं खिशातला पाना काढला होता. मोटरचं झाकण तीन बोल्टवर असतं. दोन बोल्ट त्यानं तोंडात धरले, तिसरा पाण्यात पडला. "जाऊ द्या," तो दातांमधून म्हणाला, "आता हे परत बसवाचं कोणाले हाये." झाकण त्यानं पायाशी टाकलं. चाक उघडं झालं.

"दोरी?" मी विचारलं.

"दोरी बोर्डावर हाये. पांढरी शुभ्र."

मी त्याला माझ्या शिटीची लॅनयार्ड, म्हणजे गळ्यातली दोरी, दिली. दुसऱ्या ओढीला ती तुटली. बोटीच्या कडेची दोरी जाड होती, तिची गाठ खाचेत बसेना. मग त्याची नजर बकरीकडे गेली. बकरीच्या गळ्यात सुताची दोरी होती, घट्ट वळलेली, बोटाएवढी.

"आजी, दोरी देता का?"

"बकरी जाईन ना बापा."

"साहेब धरते बकरी. साहेब लय मजबूत हायेत."

म्हातारीनं दोरी सोडली. बकरी सुटली असती तर पाण्यात तरी गेली असती किंवा बोटीत उड्या मारून बोट तरी उलटवली असती. म्हणून मी तिला दोन्ही गुडघ्यांत दाबलं आणि दोन्ही हातांनी गळ्याशी धरलं. मी, भारतीय सेनेचा हवालदार, पुराच्या मध्यभागी बकरी धरून बसलो होतो. तेव्हा हसू आलं होतं, हे खरं आहे. मेश्रामही हसला.

त्यानं दोरीच्या एका टोकाला गाठ मारली, दुसरं टोक पान्याला बांधलं, मूठ म्हणून. गाठ खाचेत बसली. चाकाभोवती तीन वेढे दिले. मग तो उभा राहिला, मागच्या फळीला पाय लावला, मान वळवून नजर माझ्या डोक्यावरून पुढे नदीवर, आणि मागे झुकून खेचलं. काही नाही. पुन्हा गुंडाळली, पुन्हा खेचलं. मोटर खोकली. त्यानं चोक थोडा आत केला.

"आता येते पाहा उस्ताद. हिचा आवाज मले समजते."

तिसऱ्यांदा त्यानं खेचलं आणि मोटर सुरू झाली.

मोटर पुढच्या गिअरमध्ये होती. बंद पडली तेव्हा होती तशीच. एरवी त्यानं दोरीला विचारलं असतं आणि दोरी अडली असती. पण आता झाकण नव्हतं, झाकणातली अडकण नव्हती, आणि बकरीच्या दोरीला यातलं काही माहीत नव्हतं. मेश्रामसारखा माणूस लीव्हर बघायचं विसरला असं लोक म्हणतात. तो विसरला नाही. लीव्हर बघायची सवयच आम्हा कोणाच्या हाताला नव्हती.

बोटीनं उडी मारली. तो तोंड मोटरकडे करून उभा होता. बोट त्याच्या पायाखालून पुढे गेली आणि तो मोटरवरून पलीकडे पाण्यात पडला. ओरडला नाही. पाना मोटरवर आपटल्याचा आवाज मला आठवतो.

मी बकरी सोडली आणि मागे झेपावलो. बोट बाभळीवर चढत होती. थोरातनं चाकूनं दोरी कापली. मी मोटरचा दांडा धरून बोट वळवली, थ्रॉटल कमी केलं. बंद मात्र करता येत नव्हती. बंद झाली असती तर पुन्हा सुरू करायला दोरी नव्हती. ती त्याच्यासोबत गेली होती.

मेश्राम दिसला. नारिंगी लाइफ जॅकेट होतं, त्यामुळे डोकं वर होतं. तो प्रवाहाच्या मध्यावर होता आणि पिंपळाकडे चालला होता. मी बोट त्याच्यामागे घातली. थोरातनं बचावाची जाड दोरी फेकली. कमी पडली. ओढून पुन्हा फेकली, पुन्हा कमी पडली. तो पोहत होता. चांगला पोहणारा होता, पण त्या पाण्यात पोहणं आणि न पोहणं सारखंच होतं.

पिंपळ आमच्या उजव्या हाताला आला. मेश्राम पिंपळाच्या खालच्या अंगाला गेला होता. त्यानं मागे वळून पाहिलं आणि उजवा हात वर केला.

"उस्ताद, अजून थोडं पुढं घ्या!" थोरात ओरडला. "मारतो दोरी! पोचतीय!"

मी बाळंतिणीकडे पाहिलं. पदराची टोकं अजून तिच्या दातात होती. रुखमाबाईनं बकरीला मिठी मारून डोळे मिटले होते. मी दांडा फिरवला आणि बोट टेकाडाकडे वळवली. थोरातनं मला आईवरून शिवी दिली. मी ऐकून घेतली.

सातही जणांना उतरवलं. बकरीसुद्धा उतरली. मोटर तशीच चालू ठेवून मी आणि थोरात रिकामी बोट घेऊन परत गेलो. या वेळी मी पिंपळ मानला नाही. कॅप्टन साहेब रेडिओवर माझं नाव घेऊन ओरडत होते, मी उत्तर दिलं नाही. रपट्याच्या पाइपाला जॅकेट अडकलेलं होतं. रिकामं. बंद तुटले होते. पेट्रोल संपत आलं तेव्हा आम्ही परत आलो. काठावर आल्यावर थोरात माझ्याजवळ बसला आणि लहान मुलासारखा रडला. बाभूळ तोपर्यंत वाहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. खालच्या गावातल्या एका संत्र्याच्या बागेत मेश्राम सापडला. बागवाल्यानं त्याच्यावर स्वच्छ चादर घातली होती आणि पोलीस येईपर्यंत स्वतः शेजारी बसून राहिला होता. मी ओळख पटवली. सही केली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. अध्यक्ष साहेबांनी विचारलं, "गिअर किसमें था?"

"फॉरवर्ड, साहेब."

"आप क्या कर रहे थे?"

"बकरी पकडके बैठा था, साहेब."

खोलीत कोणी हसलं नाही. क्लार्कनं टाइप केलं, 'कंट्रोलिंग लाइव्हस्टॉक'. मी खरं तेच सांगितलं. गिअर बघायचा राहिला हे मेश्रामच्या नावावर लिहिलं गेलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यानंतर सगळ्या बोटींत सुट्या दोऱ्या ठेवायचा आदेश निघाला. नव्या पोरांना मी लीव्हरवर हात ठेवून, मोठ्यानं 'न्यूट्रल' म्हणायला लावायचो. ती कंटाळायची. कंटाळू देत.

हाताबद्दल मी रिपोर्टमध्ये चारच शब्द लिहिले होते. 'त्यानं हात वर केला.' पुढचं लोकांनी भरलं. सलामीच्या वेळी एका साहेबांनी भाषणात सांगितलं की नाईक मेश्रामनं बुडताना हात उंचावून बोटीला पुढे जाण्याचा इशारा केला. त्यांचा हेतू चांगला होता. ते वाक्य पेपरात आलं, मग त्याच्या वस्तीतल्या फलकावर आलं. त्याच्या फोटोशेजारी उंचावलेला हातही रंगवला. चित्रकारानं हात फार छान काढला आहे.

मी तिथे होतो. मी तो हात पाहिला. पुढे जा म्हणून कोणी तसा हात करत नाही. बोटं पसरलेली होती.

पुण्यानुमोदन, म्हणजे बौद्धांचा दिवसांचा विधी, झाल्यावर मी मेश्रामच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली विलासचा युनिफॉर्ममधला फोटो. त्याचे वडील माझ्याशी हवापाण्याचं बोलत होते. पुरुष माणसं बोलतात तसं. आई दारापाशी बसली होती. वत्सलाबाई. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत होती.

"तुमीच होते ना बोटीत?" तिनं विचारलं.

"हो काकू."

"हात केला त्यानं म्हणते सगळे. जा म्हणून."

वडील म्हणाले, "जाऊ दे वं, काहून विचारून राहिली?"

"मले विचारू द्या. पाण्यातून कोणी जा म्हणून हात करते का जी?" ती माझ्याकडेच पाहत होती. "त्यानं बलावलं ना तुमाले?"

मी चौकशीत खोटं बोललो नव्हतो. तिच्यासमोर खोटं बोलावं असं मला फार वाटलं. जीभ उचललीच नाही.

"हो काकू. बोलावलं."

"मंग?"

"बोटीत सात माणसं होती. एक तान्हं बाळ होतं."

"माह्याबी तान्हाच होता तो," ती म्हणाली.

एवढं बोलून ती उठली आणि आत गेली. वडिलांनी चहा आणला, मी तो प्यायलो. चहा कसा होता ते आठवत नाही.

परत ती वेळ आली तर मी तेच करीन. हे मी कोर्ट ऑफ इन्क्वायरीत सांगितलं, बायकोला सांगितलं, आणि आता तुम्हाला सांगतो. सात माणसं जिवंत आहेत. ते बाळ आता शाळेत जातं म्हणतात. मी कधी पाहायला गेलो नाही. बरोबर केलं हे माहीत असल्यानं काही हलकं होतं असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही होत नाही.

मी दरवर्षी त्या तारखेला त्यांच्या घरी जातो. फलकाजवळ मेणबत्ती लावतो, मग आत जातो. काका खुर्ची देतात. बिघडलेलं काही असेल तर मला दाखवतात आणि म्हणतात, विलास असता तर आतापर्यंत केलं असतं. मला त्यातलं काही येत नाही. काकू आतल्या खोलीत असतात. त्यांनी मला कधी येऊ नका म्हटलं नाही. त्या दिवसानंतर माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. मला त्याचा राग नाही. त्यांच्या जागी मी असतो तर दारच उघडलं नसतं.

नाईक विलास मेश्राम. उत्तर नागपूरचा. मोटर आवाजावरून ओळखायचा. त्यानं हात वर करून मला बोलावलं होतं.